पटावर चौसष्ट, वर्गात आठ

मुलांनो, दर आठवड्याला या पानावर मी तुम्हाला काही ना काही करून पाहायला सांगते. आजही सांगणार आहे, पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते. तुमच्या वहीत मी लाल शाईने फुल्या मारते ना? आज फुली माझ्यावर आहे, आणि चांगली ठळक आहे.

आपल्या माजलगावची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९९६ साली पुण्याहून काही मंडळी इथल्या भीमनगर वस्तीत आली होती. कशाला? तर जात्यावरच्या ओव्या ऐकायला! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी हे काम बरीच वर्षं आधीपासून हाती घेतलं होतं. भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या आणि त्या फितीवर उतरवून घेतल्या गेल्या. अशा रीतीने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल नावाच्या फ्रेंच संशोधकाने त्यांचा संगणकावर नीट संग्रह मांडला. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या कुणालाही वाचता येतात, पुष्कळशा ऐकताही येतात.

मी हे पाचवीच्या वर्गात सांगितलं आणि दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास दिला. "आपापल्या आजीच्या ओव्या फोनवर घेऊन या. शाळा उघडली की आपण सगळे मिळून ऐकू."

तेवीस मुलांनी आणल्या! कुणाच्या आजीने दोन गायल्या, कुणाच्या आजीने लाजून पदरच तोंडाला लावला, पण एका मुलीच्या आजीने मात्र तासभर ओव्या म्हटल्या होत्या. मुलगी हुशार. वहीत तारीख घालून लिहून ठेवलं होतं, 'आजीच्या ओव्या, एकूण ४२.'

आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. त्या मुलीचे आईवडील कारखान्यावर चालले होते. घरात फोन एकच, तो वडील बरोबर नेणार, आणि फोन तर गच्च भरलेला. वडील शाळेत आले. म्हणाले, "बाई, फोनमदी जागा न्हाई राहिली. ह्ये आजीचं काढून टाकू का?"

मी एक नवा पेन ड्राइव्ह आणला होता. बाहेरगावी रस्त्याकडेच्या एका दुकानात घेतलेला, चौसष्ट जीबीचा, दीडशे रुपयांत. सगळ्यांचे व्हिडिओ मी त्यात भरले होतेच. तिचाही भरला. नावं दिसली, आकार दिसला. मी म्हटलं, "माझ्याकडे आलंय सगळं, खुशाल पुसून टाका."

त्यांनी पुसलं. झालं!

आठवड्याने वर्गात संगणक लावला. पहिल्या मुलाची आजी आली, दुसऱ्याची आली. पंधराव्यापर्यंत सगळं सुरळीत. सोळाव्याला पडदा काळा. सतराव्याला काळा. ती मुलगी अठरावी. फाइलीचं नाव बरोबर, आकारही बरोबर, आणि आत आजी नाही. तेविसाव्यापर्यंत तेच. बाकीच्यांच्या घरी फोनवर मूळ व्हिडिओ होते, त्यांनी पुन्हा आणले. हिच्या घरचा फोन कारखान्यावर गेला होता आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवे फोटो बसलेही होते. ती काही बोलली नाही. वही उघडून त्या ४२ आकड्याकडे बघत बसली. मला तेव्हा काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता तुम्ही जरा गुप्तहेर व्हा. एकेक व्हिडिओ साधारण अर्ध्या जीबीचा होता. पंधरा चांगले, पुढचे सगळे खराब. पंधरा अर्धे म्हणजे किती? साडेसात. सांगा पाहू, काय झालं असेल?

ते कळायला पेन ड्राइव्हच्या पोटात डोकवायला हवं. आत मुख्य वस्तू दोन. एक कोठार आणि एक कोठारावरचा कारकून. कोठारात अतिशय बारीक अशा असंख्य खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत विजेचा इवलासा भार साठवता येतो. वीज गेली तरी तो भार तिथेच राहतो, म्हणून पेन ड्राइव्ह खिशात टाकून फिरता येतं. पेन ड्राइव्हमधलं या प्रकारचं कोठार १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी शोधून काढलं. कारकून म्हणजे शेजारची छोटी चिप. कुठली वस्तू कुठल्या खोलीत आहे ते तिला ठाऊक. आणि खरी गंमत पुढे आहे. संगणक कोठारातल्या खोल्या स्वतः कधी मोजत नाही. तो कारकुनाला विचारतो, "किती आहेत हो?" कारकून सांगेल तो आकडा तो पडद्यावर दाखवतो.

म्हणजे कारकूनच खोटं बोलायला शिकवलेला असेल तर? कोठार आठ जीबीचं, आणि सांगायचं चौसष्ट! अशा बनावट वस्तू बाजारात असतात. त्यांच्यावर नामांकित कंपनीचं नावसुद्धा छापलेलं असतं. कोठार भरल्यावर पुढे येणारा माल कारकून कधी चक्क फेकून देतो, कधी जुन्या मालाच्या डोक्यावर रचतो. फाइलींच्या नावांची यादी मात्र वेगळी, पुढच्या भागात जपलेली असते. म्हणून नाव दिसतं, आकार दिसतो, आणि आत पोकळ. माझ्या पेन ड्राइव्हच्या कारकुनाने माल फेकून दिला होता.

पुढच्या तासाला आम्ही वर्गात एक खेळ खेळलो. तुम्हीही खेळून बघा. आठ मुलं समोर ओळीत उभी केली. हे आमचं कोठार. फळ्यावर मात्र लिहिलं, 'पट ६४'. मी एकेक क्रमांक पुकारायचा आणि एक शब्द सांगायचा. १ ते ८ क्रमांक आठ मुलांना मिळाले. नववा आला की पुन्हा पहिल्या मुलाकडे, दहावा दुसऱ्याकडे. नियम एकच, नवा शब्द मिळाला की जुना विसरायचा.

पहिल्या डावात मी सगळ्यांना एकच शब्द दिला, 'गूळ'. मग विचारलं, "क्रमांक ५?" उत्तर आलं, "गूळ!" "क्रमांक ४३?" "गूळ!" सगळं बरोबर! चौसष्टच्या चौसष्ट पास! वर्ग खदाखदा हसला, कारण समोर तर आठच जण उभे.

दुसऱ्या डावात प्रत्येक क्रमांकाला वेगळा शब्द दिला, पण शब्द सांगितला की लगेच विचारला. "क्रमांक २१, बाभूळ. सांग, काय?" "बाभूळ!" पुन्हा सगळे पास. लबाडी पकडलीच जाईना.

मग एक मुलगा म्हणाला, "बाई, आधी सगळे सांगून टाका अन् मग पहिल्यापासून विचारा." शाब्बास! तिसऱ्या डावात तसंच केलं. क्रमांक १ ला 'विळा' दिला होता आणि ५७ ला 'चिंच'. क्रमांक १ विचारला तर उत्तर आलं, "चिंच". सगळे विचारून झाल्यावर बरोबर निघाले फक्त शेवटचे आठ, ५७ ते ६४.

मोठ्या वाचकांना इथे काहीतरी आठवलं असेल. २०११ साली ३ ते ५ ऑक्टोबर हे तीन दिवस सगळ्या महाराष्ट्रातल्या शाळांत पटपडताळणी झाली. आधी ती नांदेड जिल्ह्यात झाली होती. काही ठिकाणी हजेरीपटावर नावं भरपूर आणि वर्गात मुलं कमी, अशी तक्रार होती. मग खरी मुलं किती, हे मोजायचं कसं? आज एका शाळेत गेलं आणि उद्या दुसऱ्या शाळेत गेलं, तर तीच मुलं इकडून तिकडे नेऊन बसवता येतात. म्हणून सगळीकडे एकाच वेळी मोजणी केली आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. मी तेव्हा नवीनच शिक्षिका. शाईचं बोट नाचवत घरी पळणारी पहिलीतली पोरं मला अजून आठवतात. त्यांना वाटलं आपण मतदान करून आलो!

बघा, आमच्या तिसऱ्या डावात आणि या पडताळणीत फरक कितीसा आहे? प्रत्येकाला ओळखता येईल अशी खूण, आणि सगळं भरून झाल्यावर एकदम मोजणी. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड तपासणाऱ्या संगणक प्रणाली नेमकं हेच करतात. जर्मनीतल्या एका संगणक मासिकाने बनवलेली 'एचटूटेस्टडब्ल्यू' ही प्रणाली फुकट मिळते. 'एफ-थ्री' नावाची दुसरीही फुकटच आहे. ती रिकाम्या पेन ड्राइव्हमध्ये काठोकाठ खुणेचा मजकूर भरते, प्रत्येक जागेला वेगळा, आणि मग पहिल्यापासून सगळा वाचून ताडून बघते. माझ्या 'चौसष्ट'मध्ये खरे निघाले साडेसात, म्हणजे आठ जीबीचाच माल.

याला वेळ लागतो बरं का! गणित करू. चौसष्ट जीबी म्हणजे ६४,००० एमबी धरा. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल तर ६,४०० सेकंद लागतील. ६० ने भागा. जवळजवळ पावणेदोन तास, आणि हे नुसतं लिहायला. वाचायला आणखी वेळ लागेल तो वेगळाच. म्हणून घाईत कुणी तपासत नाही आणि दुकानदाराचं फावतं. दुपारी वीज जाण्याच्या वेळेला तपासणी लावू नका. लिहिता लिहिता वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह उपसला, तर चांगली वस्तूसुद्धा बिघडू शकते.

आणि एक धोक्याची गोष्ट, इथे नीट लक्ष द्या. ही तपासणी म्हणजे कोठार भरून बघणं. बनावट पेन ड्राइव्हमध्ये आधीचे फोटो असताना तपासणी लावली, तर 'मोकळी जागा' समजून लिहिलेला मजकूर त्याच फोटोंवर बसू शकतो. रोग शोधताना रोगीच दगावायचा! म्हणून संशय आला की आधी त्यात काही नवीन भरणं बंद करायचं. जेवढं वाचता येतंय तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, ते उघडून बघायचं, आणि मगच तपासणी लावायची. शक्यतो नवी वस्तू घरात आली त्याच दिवशी, रिकामी असतानाच तपासलेली बरी. मी ते केलं नाही. दीडशे रुपये वाचवले आणि पावणेदोन तासही वाचवले.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, मी व्हिडिओ भरल्यावर लगेच उघडून बघितला असता तर कळलं असतं की!" कदाचित कळलं नसतं. संगणक नुकतंच लिहिलेलं काही वेळ स्वतःच्या डोक्यात ठेवतो आणि विचारलं की तिथूनच दाखवतो. म्हणजे पाढा विचारायचा मुलाला आणि उत्तर वाचायचं आपल्याच वहीतून. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह रीतसर बंद करून काढायचा, जमल्यास दुसऱ्या संगणकाला लावायचा आणि मग उघडायचा. व्हिडिओ सुरुवातीला दोन मिनिटं बघून सोडायचा नाही, मध्ये आणि शेवटीही बघायचा.

पण शंभर फाइली असतील तर प्रत्येक उघडून कोण बघणार? त्याला उपाय आहे आणि तुमच्या आजोबांना तो ठाऊक आहे. त्यांना विचारा, "आजोबा, गुणाकाराचा ताळा कसा बघायचे?" संख्येतल्या आकड्यांची बेरीज करत एका आकड्यावर यायचं. २७३५ घ्या. २ अधिक ७ अधिक ३ अधिक ५, झाले १७. १ अधिक ७, झाले ८. ताळा ८. आता उतरवून घेताना कुणी चुकून २७८५ लिहिलं, तर बेरीज २२ आणि ताळा ४. चूक पकडली! पण कुणी २७५३ लिहिलं तर? ताळा ८ च. निसटली. आकड्यांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही.

तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा आकडा असाच ताळ्याचा आहे, फक्त जास्त हुशार. याकोबुस व्हर्हूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली काढलेल्या रीतीने तो ठरतो. एक आकडा चुकला तरी तो पकडतो आणि शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी पकडतो. संगणकात पूर्ण फाइलीचासुद्धा असा ताळा काढता येतो. नेहमीच्या वापरातला एक ताळा ६४ चिन्हांचा असतो. तासाभराच्या व्हिडिओत एका जागी ० चा १ झाला, तर जवळजवळ सगळा ताळाच बदलून जातो. मूळ फाइलीचा ताळा काढायचा, नकलेचा काढायचा, दोन्ही जुळले की काम फत्ते. पडद्यावर काळोख आहे की आजी, ते डोळ्यांनी बघायची गरजच नाही.

० चा १ आपोआप होतो का, असं विचारणारा एक तरी वाचक असणारच. होतो, क्वचित. २००३ साली बेल्जियममध्ये ब्रसेल्स शहराच्या एका भागात संगणकावर मतमोजणी चालू होती. एका उमेदवाराला मिळणं शक्यच नव्हतं इतकी मतं दिसली, म्हणून पुन्हा मोजणी केली, तर बरोबर ४,०९६ मतं जास्त निघाली. २ हा आकडा बारा वेळा मांडून गुणाकार करून बघा, कितीवर येता! संगणकाच्या स्मृतीतला एकच ० उलटून १ झाला होता. का झाला ते ठामपणे सिद्ध झालं नाही. अवकाशातून येणाऱ्या एखाद्या सूक्ष्म कणावर संशय आहे.

पालकांनाही एक विनंती. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो एकाच पेन ड्राइव्हमध्ये घालून कपाटात ठेवलेली घरं मला माहीत आहेत. चांगल्या कंपनीच्या कोठारातला भारसुद्धा वर्षानुवर्षांत हळूहळू गळतो. तीन ठिकाणी ठेवा, त्यात एक तरी वेगळ्या प्रकारचं असू द्या, आणि एक नक्कल घराबाहेर, मावशीकडे म्हणा, काकांकडे म्हणा. आणि मूळ प्रत पुसण्याआधी नक्कल तपासा. मूळ पुसायला सांगणारी बाई असली तरी तपासा.

हो, त्या आजीचं राहिलंच.

जानेवारीत मी तिच्या घरी गेले. दोन फोन नेले, एक वही नेली. आजीला हात जोडले आणि झालं ते सांगितलं. आजी हसली. "आता गं माय, ध्यानात राहिल्यात का समद्या? जात्यावर बसल्याबिगर ओवी येत नसती." पीठ तर गिरणीतून येतं. जातं मागच्या पडवीत पोत्याखाली पडलेलं, खुंटा मोडलेला. शेजारच्या पोरांनी बाभळीचा खुंटा तासून ठोकून दिला. जातं धुतलं, वाळवलं, आणि पुढच्या रविवारी आजी ज्वारी घेऊन बसली. पहिल्या पाच-सहा मिनिटांत एकही ओवी नाही, नुसती घरघर. मग एकदम सुरू झाली. नात वहीत रेघ मारून मोजत होती, मी शब्द उतरवून घेत होते, दोन्ही फोन चालू होते. आजी दमून थांबली तेव्हा नातीने रेघा मोजल्या.

"बाई, एकतीस. अकरा कमी हैत."

४२ चा आकडा वहीत नसता तर किती हरवल्या हेसुद्धा आम्हाला कळलं नसतं. ती वही आता जात्याजवळच्या कोनाड्यात असते. आजीला काम करताना एखादी आठवली की ती नातीला हाक मारते. परवा प्रार्थनेच्या आधी ती माझ्याकडे पळत आली. "बाई, रात्री आजीला अजून एक आठवली."

सदतीस झाल्या.